उतराईचं नाणं

मंगळवार, ६ नोव्हेंबर २००१

यानिना शहराहून सरकारी पोरगी आली होती, नवा पैसा समजावून सांगायला. आमच्या गावात दुकान एकच, माझं, त्यामुळे शाळाही माझ्याच दुकानात भरली. तिने मला एक कॅल्क्युलेटर दिला, भिंतीवर लावायला नाण्यांच्या चित्रांचा तक्ता दिला आणि ही वही दिली. गिऱ्हाइकांना काय अडचणी येतात त्या लिहा, मार्चमध्ये गोळा करू म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली. तर म्हणे बोलता तसं लिहा. मग घे. बोलते तसंच लिहिते.

पहिल्या पानावर नाव लिहायचंय. स्तामाता. आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव असं ठेवतात. अर्थ, आता पुरे. माझ्या आधीच्या बहिणी लहानपणीच गेल्या, माझ्यानंतर आईला मुलगी झाली नाही, मुलगाही झाला नाही. देवाने जरा जास्तच ऐकलं.

तर नवा पैसा असा. बारा देशांचं चलन एक होणार. नोटा सगळीकडे सारख्या. नाण्याची एक बाजू सगळ्यांची सारखी, दुसरी ज्याची त्याची. आमच्या ग्रीसच्या एक युरोवर घुबड आहे. पण इथलं नाणं तिथे चालणार, तिथलं इथे, कोणी नको म्हणायचं नाही. तीनशे चाळीस द्राख्मा आणि वर पाऊण, एवढ्याचा एक युरो. हा भाव आता देव खाली उतरला तरी बदलायचा नाही.

लीया काका रोजच्या खुर्चीत बसले होते. म्हातारा एकटा आहे, सकाळची कॉफी माझ्याकडे, संध्याकाळची दारू माझ्याकडे. म्हणाले, बारा देशांचं एक नाणं, म्हणजे बारा वाजलेच. आणि मुख्य तिजोरी कुणाच्या घरी? पोरगी म्हणाली, मोठी बँक फ्रँकफुर्टला आहे.

आई शेगडीजवळ मोजा विणत होती. ऐंशी वर्षांची आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिने सुया थांबवल्या.

"जर्मनांचंही हेच?"

म्हातारीने प्रश्न विचारला म्हणून पोरगी खूश झाली. तिला हात धरून तक्त्याकडे घेऊन गेली, हे बघा आजी, हे त्यांचं. आईने नाक टेकवून पाहिलं. गरुड होता. मग ती विणकाम घेऊन वर गेली. लोकरीचा गुंडा खालीच राहिला, धागा जिन्यावरून तिच्या मागे जात राहिला. मी हाका मारल्या. जेवायलाही आली नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आई म्हणते तक्ता काढ, नाहीतर मी खाली येत नाही. तक्ता काढला तर ती यानिनाची पोरगी माझ्या नावाने ओरडणार. शेवटी गरुडावर काड्यापेटीचं लेबल डिंकाने चिकटवलं. आता तक्त्यावर अकरा देश आहेत. लीया काका म्हणाले, "जे एवढ्या सैन्यांना जमलं नाही ते तू डिंकाने केलंस."

आईचं कारण मला पाठ आहे. जर्मनांनी गाव जाळलं त्या शरद ऋतूत ती बावीस वर्षांची होती. तिच्या बापाला आणि दोन भावांना खळ्यावर नेलं. ती मागून धावत गेली आणि एका शिपायाच्या छातीवर आदळली. त्याने तिला हाताने बाजूला केलं, मारलं नाही. त्याच्या सदऱ्यावरचा पक्षी तिच्या गालाला घासला. पुढचं ती सांगत नाही. पक्ष्याचं सांगते, पंख किती लांब होते ते.

आणि तिच्याच मुलाने जर्मन बायको करावी. माझा थोरला भाऊ फोतिस पासष्ट साली तिकडे कारखान्यात गेला, सगळ्या गावातली पोरं गेली तसा. बाकीच्यांनी सुट्टीला येऊन इथल्या मुली नेल्या. याने रेनाटे केली. आईने निरोप धाडला, माझ्या उंबऱ्यात यायचं तर एकट्याने ये, आणि एकट्याने यायचं नसेल तर येऊ नको. तो आला नाही. बापाच्या मातीला आला, तेव्हाही दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिला. आई समोरून गेली, पण थांबली नाही. एक खेचर दुसऱ्या खेचराला जन्म देत नाही म्हणतात. आमच्या घरात दिला.

तीस वर्षं झाली, नव्या वर्षाच्या रोटाचा एकेकाच्या नावाने तुकडा कापताना त्याचं नाव घेतलं जात नाही. शेळ्यांचं घेतलं जातं.

रविवार, २५ नोव्हेंबर

फोतिसचा फोन. महिन्यातून एकदा करतो, आई देवळात असते तेव्हा. आवाज गोणपाटातून यावा तसा येत होता. नव्या वर्षाला येतो म्हणाला. मी विचारलं, दोघं? "एकटाच येतो. तिला सांगितलंय."

मग भलत्याच गप्पा मारत बसला. म्हणे आता वाटेत पैसे बदलायला कुठे थांबायला नको, एक खिसा पुरतो. त्याच्या खिडकीतून म्हणे त्या मोठ्या बँकेचा मनोरा दिसतो, पाचव्या मजल्यावरून, रात्री दिवे लागतात. मला तर आठवतं त्याचं घर तळमजल्यावर होतं, पुढे टोमॅटो लावायचा. वर गेला असेल. पैसा आला की माणूस मजले चढतो.

मग विचारतो, बापाच्या शेजारी जागा आहे का. मी म्हटलं, एका बाजूला आई जाणार, दुसऱ्या बाजूला मी, तुला हवी तर जर्मनीत विकत घे, तिकडे सगळं मिळतं. हसला. हसता हसता खोकला लागला तो थांबेचना. मी म्हटलं सिगारेट सोड आणि फोन ठेवला, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मला संशय आहे, अक्रोडाच्या शेतावर डोळा आहे. नाहीतर तीस वर्षांनी आठवण कुठून येते?

आईला सांगितलं. "कोण फोतिस?" म्हणाली.

गुरुवार, ६ डिसेंबर

आज संताचा सण. पाऊस पडत नव्हता म्हणून आईने पेटारा उघडून मरणाचे कपडे उन्हात टाकले. काळा झगा, नवे मोजे, रुमाल. रुमालाच्या गाठीत चांदीचं नाणं, वीस द्राख्माचं, मी लहान होते तेव्हा निघालेलं. ती उतराई. पल्याड जायचं तर मध्ये नदी आहे, नावाडी आहे, त्याचं भाडं मेलेल्याच्या हातात द्यायचं. आमचे पाद्रीबाबा झिसिस दरवर्षी ओरडतात, ख्रिस्त भाडं घेत नाही, ही जुनी अडाणी समजूत आहे. पण त्यांच्या आईच्या मुठीत नाणं मी स्वतः घातलंय, ते खिडकीतून बाहेर बघत होते.

आईने गाठ सोडून नाणं माझ्यापुढे धरलं. "फेब्रुवारीनंतर द्राख्मा बंद ना? मग हे चालेल का?"

मी म्हटलं, तुझा प्रश्न वहीत लिहिते, सरकार कळवेल. तिला हसू आलं नाही.

"तुझ्या बापाने द्राख्मा दिला. मी दुसरं काही दिलं तर मला त्याच काठाला उतरवतील ना?"

चांदी कुठेही चालते म्हटलं. तर म्हणते, चांदीचं काय घेऊन बसलीस, समोरच्याने घेतला तर तो पैसा, नाही घेतला तर नुसता पत्रा. यानिनाच्या पोरीने दोन तास बोलून एवढं सांगितलं नव्हतं. कपडे घडी करून ठेवले आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले.

मंगळवार, १८ डिसेंबर

नवी नाणी आली. प्लास्टिकच्या पिशवीत. वापरायची नाहीत अजून, नुसती बघायची. अख्खं गाव येऊन बघून गेलं. लीया काकांनी एक चावलं. म्हणाले द्राख्मा तोंडात गोड लागायचा, हे कुलपासारखं लागतं. पाद्रीबाबा मात्र खुशीत आहेत. दानाच्या ताटात लोक सवयीने एक नाणं टाकणार. पूर्वी ते शंभर द्राख्माचं असायचं, आता युरो पडेल, तिपटीहून जास्त. लीया काका म्हणाले, देवालाही महागाई आहेच की.

शुक्रवार, २८ डिसेंबर

फोतिस कालच्या बसने आला. मी ओळखलं ते चालण्यावरून, बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं. कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लटकत होता. मी म्हटलं, दादा, तिकडे जेवायला घालत नाहीत का? "घालतात, उतरत नाही." जर्मन जेवण, दुसरं काय. मी बीनचं सूप केलं होतं, त्याला लहानपणी परातभर लागायचं. तीन चमचे घेऊन वाडगा सरकवला. मला राग आला. एवढी लाडावलेली जीभ.

पाद्रीबाबांकडे उतरलाय, कारण आई काहीच बोललेली नाही. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दिवसभर तो खाली दुकानात शेगडीजवळ तिच्याच खुर्चीत बसतो आणि ती वर बसते. दोन दिवस तिने जिना उतरलेला नाही. वरून काठी आपटते, मी कॉफी नेऊन देते. खाली तो विचारतो, काय म्हणाली? वर ती विचारते, शेगडीत लाकूड घातलंस का? मी दोघांच्या मध्ये जिना झाले आहे.

त्याच्याकडे एक डबी आहे, सात कप्प्यांची, त्यात गोळ्या. मी विचारलं तर जीवनसत्त्वं म्हणाला. म्हणून तर वाळलाय, गोळ्या खाऊन कुणाचं पोट भरलंय?

सकाळी खळ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. घरापासून दगड मारला तर पोचेल एवढं खळं. मी दारातून बघत होते, मध्ये दोनदा बसला. तिथे पोचल्यावर टोपी काढून उभा राहिला, बराच वेळ, सर्दी होईपर्यंत.

दुपारी खिशातून नवं नाणं काढून माझ्या हातात ठेवलं. "हे आमच्याकडचं. बघून ठेव, पुढे इथेही येतील." आमच्याकडचं म्हणतो. मी ॲप्रनच्या खिशात टाकलं. शेताबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही. धोरणी आहे.

सोमवार, ३१ डिसेंबर

बर्फ. रोट केला. आमचा रोट पापुद्र्यांचा, मध्ये चीज आणि अंडी, आणि पापुद्र्यांच्या आत नाणं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. आई पापुद्रे अजूनही माझ्याहून पातळ लाटते, मला दिसू नये म्हणून पाठ करून लाटते.

मी म्हटलं, तो पाच दिवस खाली बसलाय. बोलायचं नसेल तर निदान शिव्या तरी दे, त्याला कळेल घर जिवंत आहे.

"परात गरम कर," म्हणाली.

"उद्या त्याचं नाव घेणार आहेस की नाही?"

तिने पापुद्रा परातीत पसरला, कडा दाबल्या. मग म्हणाली, "नाणं टाक. घुबडवालं."

हात पिठाने भरलेले, चुलीवर दूध उतू जात होतं. मी खिशात हात घातला, लागलं ते नाणं पुसलं आणि दोन पापुद्र्यांमध्ये सरकवलं.

खाली जाऊन फोतिसला सांगितलं, उद्या वर येण्याची आशा धरू नको, पण दुकानात बस, तुझ्यासाठी ताट खाली आणेन. तो म्हणाला, मधलं दार उघडं ठेवशील? तिचा आवाज ऐकू येईल.

मंगळवार, १ जानेवारी २००२

हे नीट लिहायचं आहे.

देवळातून आलो. वर टेबलाशी आई, मी आणि लीया काका. ते दरवर्षी असतात. फोतिस खाली. मधलं दार मी उघडं ठेवलं. आई म्हणाली थंडी येते. मी म्हटलं येऊ दे.

आईने परात तीनदा फिरवली, सुरी घेतली. पहिला तुकडा ख्रिस्ताचा. दुसरा देवमातेचा. तिसरा घराचा. चौथा परक्याचा, म्हणजे दारात जो कोणी येईल त्याचा. आमच्या भाषेत परका आणि पाहुणा याला शब्द एकच आहे. सुरी चौथ्या तुकड्यात कशाला तरी अडली.

"निघालं," लीया काका म्हणाले. "पोरी, काढ बघू."

मी बोटाने काढलं, चीज पुसलं. गरुड होता.

खिशात घुबडासोबत फोतिसने दिलेलं नाणंही होतं हे मला तेव्हा आठवलं. लीया काकांनी पाहिलं, त्यांनी ग्लास खाली ठेवला.

आई म्हणाली, "काय आहे त्याच्यावर?"

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर माझ्याशी कुणाचं पटत नाही. पण मी म्हटलं, "घुबड."

तिने हात पुढे केला. मी नाणं दिलं. ती अंगठ्याने चाचपत राहिली. एक पंख, मग दुसरा पंख. खालून लाकूड तडतडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता भिरकावते.

"घुबडाला एवढे पंख नसतात," ती म्हणाली.

मग तिने नाणं उलटं केलं. "आणि ही बाजू?"

"ती सगळ्यांची सारखी असते."

"त्यांची?"

"त्यांची, आपली, सगळ्यांची."

तिने ती बाजू वर करून नाणं तुकड्यावर ठेवलं, गरुड खाली. बोटं रुमालाला पुसली. "परक्याचा तुकडा घरात ठेवत नाहीत. खाली कोण बसलंय बघ."

मी जिना उतरले. त्याने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, चल, बोलावलंय. त्याला लगेच उठता येईना. मी हात दिला तर हातात काही वजनच नव्हतं. भिंत धरून वर आला. दारात थांबला, आईच्या समोर. छप्पन वर्षांचा माणूस, टोपी दोन्ही हातांत.

आईने त्याचं मनगट धरलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही, दिसत नाही तिला तेवढं. मनगटच धरून ठेवलं, बाजारात कोकराचा पाय धरतात तसं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं आता तीस वर्षांचं बोलेल. ती मला म्हणाली, "माझी गादी चुलीजवळ टाक. तो खाली झोपणार नाही, पाद्रीबाबांकडेही नाही."

मग सुरी घेऊन पुढचा तुकडा कापला. "फोतिस," म्हणाली. आपल्या नावाच्या आधी, माझ्या नावाच्या आधी.

दोन तुकडे वाट्याला आले, त्यातला अर्धाही त्याला संपला नाही. आईने बाकीचा फडक्यात बांधून त्याच्या उशाशी ठेवला. मी रात्री गादीसाठी पलंग हलवला, माझी कंबर गेली. या घरात प्रेम झालं की ओझं मी उचलायचं.

सोमवार, ७ जानेवारी

फोतिस गेला सकाळच्या बसने. आठवडाभर आईच्या गादीवर झोपला आणि आई खुर्चीत. बोलणं म्हणाल तर फार नाही. एकदा तिने विचारलं, ती स्वयंपाक करते का नीट? तो म्हणाला, पाव चांगला करते. आई म्हणाली, पाव तर बेकरीवालाही करतो. पण पुन्हा विचारलं, कसल्या पिठाचा?

काल आईने त्याला मोजे दिले, नोव्हेंबरपासून विणत होती ते. मला वाटलं होतं लीया काकांसाठी आहेत. मोठे झाले त्याला. आई म्हणाली, असू दे, थंडी तिकडे जास्त.

नाणं त्याने वर्षाचं शुभ म्हणून पाकिटात घातलं. मी बस यायच्या आधी सरळ विचारलं, शेताचं काय? तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठलं शेत?" अक्रोडाचं. "ते तुझंच आहे, स्तामाता. मी कधीच सही करून ठेवली आहे पाद्रीबाबांकडे." मग इतके दिवस आला कशाला होता, हे विचारेपर्यंत बस आली.

आई बस वळणाआड गेल्यावरही रस्त्यात उभी होती. मी म्हटलं, चल, ईस्टरला येईलच. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मीच आंधळी आहे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दुपारी फोन. बाईचा आवाज, मोडकी भाषा. रेनाटे. इतक्या वर्षांत आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हणाली, "स्तामाता? फोतिस... फोतिस काल गेली."

मी चिडले. तीस वर्षं आमच्या माणसाबरोबर राहून बाईला एवढं येऊ नये. मी म्हटलं, "गेली नाही, गेला म्हणायचं."

"गेला," ती म्हणाली.

मग मला कळलं मी काय दुरुस्त केलं ते.

पाचवा मजला दवाखान्याचा होता. सप्टेंबरपासून. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, आईला आणि बहिणीला कळवू नको, आधीच रडायला बसतील, सूपसुद्धा करायच्या नाहीत. ती रडत नव्हती, शब्द शोधत होती. म्हणाली, गुरुवारी तिकडेच पुरणार. मी म्हटलं, इकडे आणा. ती म्हणाली, त्याने विचारलं होतं, तुम्ही म्हणालात जागा नाही.

पुढे मी काय बोलले आठवत नाही.

आई जिन्यावर उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. रडली नाही. एकच विचारलं, "त्याच्या हातात काय देणारेत? विचार तिला."

रेनाटेला कळेना. मी तुटक तुटक सांगितलं. नदी. नाव. भाडं. आई मागून म्हणाली, "रोटातलं नाणं सांग. सारखी बाजू वर ठेवा म्हणावं. तिथलाही घेईल, इथलाही घेईल."

रेनाटे म्हणाली, "आहे. नाणं आहे. तो उशीखाली ठेवायची."

या वेळी मी दुरुस्त केलं नाही.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

द्राख्माचा शेवटचा दिवस. लोक बरण्या घेऊन आले. मोज्यात बांधलेले, विटेमागे दडवलेले, कुणाच्या आजीने पिठात पुरलेले. लीया काकांनी एक नोट ठेवून घेतली, म्हणाले मला पुरताना हातात द्या, नावाडी सुटे परत देईल. कुणी हसलं नाही, तेही हसले नाहीत. दुकान म्हणजे सुतकाचं घर झालं होतं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आई रुमालाची गाठ घेऊन खाली आली. चांदीचं नाणं गल्ल्यावर ठेवलं.

"हे घे. मला दुसरं दे."

मी घुबडाचं नवंकोरं काढून दिलं. तिने चाचपलं आणि परत सरकवलं. "हे नाही. त्याच्या हातात आहे तसलं."

मी म्हटलं, आई, कोणतंही कुठेही चालतं, हाच तर सगळा कायदा आहे. इथलं तिथे, तिथलं इथे. नावाडी नाही म्हणणार नाही.

"कायदा जिवंतांचा असेल. भाडं वेगळं दिलं की काठ वेगळा. आयुष्यभर तो त्या काठाला होता, मी या काठाला. आता मला तसलंच हवं."

मी गल्ला उलटा केला. सगळी घुबडं. एक लांब नाकाचा इटालियन, एक ऑस्ट्रियाचं फूल, ते कुठून आलं देव जाणे. गरुड नाही. हिवाळ्यात या डोंगरात येतं कोण? बसवाल्याला सांगितलं, पेट्रोलपंपावर सांगितलं. लोकांना वाटतं मला छंद लागला.

मग तक्त्यावरचं काड्यापेटीचं लेबल ओल्या फडक्याने सोडवून काढलं. डिंक घट्ट बसला होता, थोडा पंख निघून आला.

शनिवार, २३ मार्च

आज आत्म्यांचा शनिवार, मेलेल्यांच्या आठवणीचा, आणि फोतिसचे चाळीस दिवसही याच आठवड्यात भरले. गहू शिजवून, डाळिंब आणि साखर घालून देवळात नेले. आई बाकावर ताठ बसली होती.

परत आलो तर दुकानासमोर टॅक्सी. एक ठेंगणी बाई उतरली, पांढरे आखूड केस. मी इतकी वर्षं उंच, पिवळ्या केसांची बाई मनात धरली होती. हातात फडक्यात बांधलेला पाव. मी दार उघडलं, ये म्हटलं. ती उंबऱ्यापाशी थांबली आणि पुढे पाऊल टाकेना. कुणी शिकवलं असेल तिला ते, मला विचारावं लागलं नाही.

आई शेगडीजवळून म्हणाली, "कोण आहे दारात?"

मला शब्द सापडेना. सून म्हणायचं तर ते आईने म्हणायला हवं. जर्मन म्हणायचं तर तोंड उघडेना. मी म्हटलं, "परकी बाई आहे."

"मग पाहुणीला बाहेर का उभं केलंस," आई म्हणाली. शब्द तोच, तिने दुसऱ्या बाजूने वापरला.

रेनाटे आत आली. आईसमोर उभी राहिली. आईने तळवा पुढे केला, वर करून. रेनाटे माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, नाणं मागतेय. तुमच्याकडचं, पक्ष्याचं. तिच्या स्वतःसाठी.

तिला कळलं. तिने खाली बसून पर्स मांडीत ओतली. दोन घुबडं निघाली, आयर्लंडची वीणा निघाली, फ्रान्सचं झाड निघालं. बारा गावचं पाणी प्यायलेली पर्स, आणि गरुडच नाही. तिने पर्सचा कोपरा उलटा केला, मग कोटाचा खिसा. तिथे बसच्या तिकिटात गुंडाळलेलं एक होतं. सारखी बाजू वर करून तिने ते आईच्या तळव्यावर ठेवलं.

आईने ते उलटं केलं. अंगठा फिरवला. एक पंख, दुसरा पंख. या वेळी गरुड खाली केला नाही. मूठ मिटली.

माझे बटाटे चुलीवर होते. मी वर गेले, मीठ घातलं, विनाकारण दोन भांडी घासली. परत आले तेव्हा वास सुटला होता, बटाटे खाली लागले होते. आईने मूठ अजून उघडली नव्हती. रेनाटेची दोन बोटं आत अडकली होती आणि ती ओढून घेत नव्हती.